थ्रीडी व्ह्यू: फोर-केचे पैसे कधी मोजावेत?

इंटिरिअरच्या कोटेशनमध्ये ‘फोर-के थ्रीडी व्ह्यू’ अशी ओळ दिसली, तर पहिला प्रश्न विचारा: हे चित्र बघायचं कुठे आहे? मोबाइल-लॅपटॉपवर बघून लॅमिनेट आणि रंग ठरवायचे असतील, तर फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८०, पुरतं. फोर-केमध्ये (३८४०×२१६०) पिक्सेल चौपट, सुमारे ८३ लाख. रेंडरचा, म्हणजे कॉम्प्युटरने चित्र तयार करण्याचा, वेळही साधारण त्याच पटीत वाढतो. फुल एचडीला २० मिनिटं लागत असतील, तर इथे ८० धरा.

विजेचा खर्च किरकोळ. ५०० वॅट खाणारा कॉम्प्युटर ८० मिनिटांत पाऊण युनिटही जाळत नाही. १० रुपये युनिट धरलं तरी सात रुपये. डिझायनर पैसे लावतो ते अडकून पडलेल्या मशीनचे आणि स्वतःच्या वेळेचे. त्यामुळे बिल फुगतं ते दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत. सोफा इकडे, टीव्ही तिकडे असं चालू असेपर्यंत १२८०×७२०चे कच्चे व्ह्यूच मागा. मोठं रेंडर सगळं ठरल्यावर, एकदाच. दुरुस्त्या किती धरल्यात आणि फायनल किती पिक्सेलचं, हे कोटेशनवर लिहून घ्या.

छापायचं असेल तर नुसतं ‘३०० डीपीआय’ म्हणून भागत नाही, कागदाचं माप सांगावं लागतं. ए-थ्रीला ३०० हवे असतील तर ४९६१×३५०८ लागतं. पण फोर-केचं चित्र आडव्या ए-थ्रीवर इंचाला २३० पिक्सेल देतं, आणि हातात धरून बघायला तेवढं छान दिसतं. गंमत फ्लेक्सची. साइटवरच्या दहा फुटी फ्लेक्सवर तेच चित्र इंचाला जेमतेम ३२ पिक्सेल देतं, तरी रस्त्यापलीकडून कुणाला फरक कळत नाही. फ्लेक्स मोठा म्हणून एट-केचे पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा.

आणखी एक. आठ फुटी वॉर्डरोबवर ५१२ पिक्सेलचा लाकडाचा फोटो ताणून बसवला असेल, तर इंचाला पाचच पिक्सेल वाट्याला येतात. मग फोर-केत लाकडाच्या रेषा दिसत नाहीत, तो धुरकटपणाच ठळक होतो. अशा वेळी रिझोल्यूशन नव्हे, टेक्स्चर बदलून मागा. कोपऱ्यांत, छताखाली रवाळ ठिपके दिसत असतील तर ते सॅम्पलिंग, म्हणजे रेंडर करताना प्रत्येक पिक्सेलसाठी घेतलेले प्रकाशाचे नमुने, कमी पडल्याचं लक्षण. पिक्सेल वाढवून ते जात नाहीत.

फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून घेऊ नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकवर मागवा.