उधारीची मुदत आणि दंड

अक्कलकोटच्या आमच्या दुकानातून शेतकरी चादरी उधारीवर नेतो आणि तुरीचे पैसे हाती आले की फेडतो. व्याज आम्ही घेत नाही. आमच्या मुलाचे म्हणणे, उशीर झाला की दंड लावावा.

इस्रायलच्या हैफा शहरातील पाळणाघरांत हा प्रयोग झाला; त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला! आधी सांभाळणाऱ्या बाईला ताटकळत ठेवल्याची शरम होती. दंड आल्यावर उशीर विकतच मिळू लागला. पुढे दंड उठवला, तरी शरम परतली नाही. आमच्या गिऱ्हाइकाचेही असेच होईल.

मात्र घाऊक बाजारात शरमेवर भागत नाही. सोलापूरच्या छोट्या कारखानदाराचे पैसे मोठे व्यापारी महिनोन्‌महिने अडकवतात. २००६ च्या कायद्याने त्याला विलंबाबद्दल बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क दिला. पण ते मागून पुढची ऑर्डर कोण घालवणार? म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातून पकड घेतली. लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५. त्यात पैसे न दिल्यास प्रत्यक्ष देईपर्यंत ती खरेदी खर्चात धरायची नाही.

नियम रास्त आहे, पण तूर ४५ दिवसांत येत नाही. आम्ही लेखी करार केला आणि चादरींची खरेदी डिसेंबरवर नेली. गिऱ्हाइकाच्या खात्यावर दंड लावलेला नाही.