मिठाचा हिशेब



जादा पाण्यानं रान क्षारपड होतं, पण वर पांढरं फुटेपर्यंत ध्यानात येत नाही. जादा मिठानं वाढलेल्या रक्तदाबाचंही तसंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं. या हिशेबानं पाच मोठ्या माणसांच्या घरात किलोची पुडी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. विकतच्या पापड-फरसाणातलं मीठ धरलं, तर आणखी जास्त. तेव्हा पुडी फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. भाकरीच्या पिठात मीठ नको, ताटात वरून नको. चवीला लिंबू, कोथिंबीर आहेच. आपण खताचा हिशेब ठेवतो, तसा मिठाचाही ठेवू या. आणि रक्तदाब तपासून घेऊ या.