मेंदू-उद्दीपन आणि पुरुषांतील लैंगिक दुर्बलता

जबलपूरच्या अधारताल भागातील एखाद्या चाळिशीच्या मधुमेही पुरुषास लैंगिक दुर्बलता जाणवू लागली, तर तो प्रथम कोणाकडे जाईल? शहरात १९५५ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही संकोचापोटी अशा रुग्णांची पावले पुष्कळदा ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ म्हणवणाऱ्यांकडे वळतात. यात केवळ पैसाच जातो असे नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने ताठरतेचा अभाव ही कित्येकदा हृदयविकाराची पूर्वसूचना असते. ती दुर्लक्षित राहते. शस्त्रक्रियेविना मेंदूस उद्दीपन देण्याच्या संशोधनाकडे पाहताना हा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

ताठरतेचा आरंभ मेंदूत होतो. अधश्चेतकातून निघालेला संदेश मेरुरज्जूच्या त्रिक भागात पोहोचतो. तेथील परानुकंपी चेतातंतूंमुळे नायट्रिक ऑक्साईड मुक्त होऊन रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध या साखळीच्या शेवटच्या टोकावर कार्य करते. इच्छाच मंदावली असेल किंवा चिंतेने संदेश रोखला जात असेल, तर केवळ या औषधाने प्रश्न सुटत नाही. संशोधकांचे लक्ष मेंदूकडे वळले ते यामुळेच.

अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली शेफील्ड येथे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस, हे तंत्र दाखवून दिले. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून क्षणिक विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि फॅरडेच्या नियमानुसार मेंदूच्या पेशींत प्रवाह प्रवर्तित होतो. नैराश्यावरील उपचार म्हणून या तंत्रास अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. नैराश्यावरील अनेक गोळ्यांनी लैंगिक इच्छा व क्षमता घटते. टीएमएसचा असा दुष्परिणाम सहसा आढळत नाही. टीडीसीएस या दुसऱ्या तंत्रात टाळूवरील पट्ट्यांतून एक ते दोन मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह सोडतात.

मात्र येथेच खरी अडचण आहे. नेहमीच्या वेटोळ्याचा प्रभाव टाळूपासून सुमारे दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच पोहोचतो, तर अधश्चेतक मेंदूच्या तळाशी आहे. त्यामुळे प्रेरणा व आत्मनियंत्रण यांच्याशी संबंधित अग्रललाट भागास उद्दीपित करून खोलवरच्या केंद्रांवर अप्रत्यक्ष परिणाम साधण्याचा प्रयत्न केला जातो. या दिशेचे प्रयोग लहान गटांवर झाले असून त्यांवरून उपचाराची शिफारस करता येत नाही. मधुमेहाने चेतातंतू वा रक्तवाहिन्याच निकामी झाल्या असतील, तर मेंदूतून संदेश सुटूनही तो निष्फळच ठरेल. शिवाय टीएमएसमुळे क्वचित फेफरे येऊ शकते आणि डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांस ते वर्ज्य मानले जाते.

भारतीय समाजात या विषयाला भीतीचेही अंग आहे. वीर्यनाशाच्या धास्तीने येणाऱ्या अशक्तपणास डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असेच गैरसमज खोडून काढले होते. अशा रुग्णास वेटोळ्यापेक्षा समुपदेशनाची गरज अधिक असते.

परीक्षार्थींनी कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कलम ३ नुसार लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. या अधिनियमातील ‘औषध’ या संज्ञेची व्याख्या बरीच व्यापक आहे: शरीराच्या कार्यावर परिणाम घडवण्यासाठी असलेली, अन्नाखेरीज कोणतीही वस्तू तीत येते. दुसरीकडे, १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालील नियमनाच्या कक्षेत आली. नव्या उपचाराच्या चाचणीची नोंद २००७ साली सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत कोणालाही पाहता येते. अधारतालच्या त्या रुग्णासाठी मात्र पहिली पायरी म्हणजे रक्तातील साखर, रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी.