सलाइनची बाटली टांगता येत नाही तिथे

१. अंतराळ वैद्यकात येऊ पाहणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींना मी आधी जवळच्या दवाखान्यात जाऊन बसायला सांगते. सलाइन उतरतं ते बाटली उंच टांगल्यामुळे. सिरिंजला टिचकी मारली की बुडबुडा वर येतो आणि काढता येतो. थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबताना आपलं वजन कामी येतं. अंतराळ स्थानकात यातलं काहीच नाही. तिथे सलाइनला पंप किंवा दाबाची पिशवी लागते, बुडबुडे द्रवात अडकून बसतात आणि छाती दाबणारा समोरच्या भिंतीला पाय रोवून, उलटा होऊन दाबतो. कुठलं उपकरण गुरुत्वाकर्षण फुकटात वापरतंय हे हुडकणं, हा आमचा निम्मा धंदा.

२. पेशंट ठणठणीत असतो. हॉस्पिटलची सवय असलेल्यांना हे पचत नाही. वजनरहित अवस्थेत मानेतलं रक्त कसं वाहतं, हे पाहण्यासाठी एका अंतराळवीराची सोनोग्राफी चालली होती. मोहिमेला दोनेक महिने झालेले, तक्रार काही नाही, आणि गळ्याच्या शिरेत गुठळी दिसली! जानेवारी २०२० मध्ये ही केस ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. सगळे गुठळीबद्दल बोलतात. मला त्यातली अडचण जास्त बोलकी वाटते. रक्त पातळ करणारं इंजेक्शन वर होतं, पण मोजकं. सिरिंजही मोजक्या. त्यात कुपीतून औषध ओढणंच जिकिरीचं, कारण द्रव तळाशी साचत नाही, काचेला चिकटून राहतो. डोस कमी करून पुरवठा यान येईपर्यंत निभावलं, मग गोळ्या सुरू झाल्या. मंगळाच्या वाटेवर असं यान येणार नाही, आणि डॉक्टरला विचारावं तर नुसता निरोप पोचायलाच २० मिनिटं लागू शकतात.

३. स्वतःवर वापरून बघितल्याशिवाय काही दुसऱ्याच्या अंगाला लावू नका. वजनरहित अवस्थेची जमिनीवर नक्कल म्हणून २०१९ मध्ये जर्मनीत कोलोनला स्वयंसेवक ६० दिवस पलंगावर पडून होते, तेही डोकं ६ अंश खाली ठेवून. जेवण, अंघोळ, सगळं आडवं. अशा माणसाला सेन्सरखाली खाज सुटली की तुमचा अल्गोरिदम कितीही हुशार असो, त्याला तो नकोसाच होणार. मी एक सेन्सर लग्नघरात पैठणीखाली वागवला होता. माहिती छान मिळाली, पंगतीनंतरची तर विशेषच.

४. व्यायाम कमी पडला तर वर कमरेच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का घटते. स्थानकातलं ‘एरेड’ हे यंत्र निर्वात सिलिंडरच्या जोरावर २७२ किलोपर्यंत भार देतं. पण खरी करामत भाराची नाही. माणूस बैठका मारत असताना स्थानकाला हादरे जाऊ न देण्याची आहे.

५. नासातल्या सरकारी पदांना अमेरिकी नागरिकत्व लागतं, हे अर्ज भरायच्या आधी माहीत असावं. इकडे बंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था आहे, गगनयानाचं काम आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर जाऊन आल्यापासून तर पालकांचेच फोन येतात. “आमच्या पोरीला वर कधी पाठवणार?” नाही हो काका, ती खालीच बसून आकडे तपासणार. पगाराचं विचारा, ते सांगते.