पेट्रोलची निवड : दर, दर्जा आणि वाहनाची गरज

पेट्रोल पंपावर गाडी उभी करताच हल्ली वाहनधारकास हमखास एक प्रश्न विचारला जातो : "साधे की प्रीमियम?" दोहोंच्या दरात लिटरमागे काही रुपयांचा फरक असतो. जे महाग ते चांगले, या समजुतीने कित्येक स्कूटरधारक वर्षानुवर्षे हा जादा भार सोसतात. याउलट, दर चढले की उच्च प्रतीच्या इंधनाची खरोखर गरज असलेल्या गाडीतही साधे पेट्रोल भरून काटकसर केल्याचे समाधान मानणारेही आढळतात. दोन्ही मार्गांनी खिशाला झळ पोहोचते. दुसऱ्या मार्गाने इंजिनासही अपाय होण्याचा संभव असतो. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे प्रत्येक वाहनधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

दर का बदलतात?

केंद्र शासनाने २६ जून २०१० रोजी पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि १६ जून २०१७ पासून देशभर दररोज दर ठरविण्याची पद्धत सुरू झाली. खनिज तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आपला देश आयातीवर भागवितो. त्यामुळे जागतिक बाजारभाव, डॉलरचा विनिमय दर आणि करांचे प्रमाण या तिन्हींचा परिणाम पंपावरील दरावर होतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून अंमलात आला. तथापि पेट्रोलवर तो लागू करण्यात आलेला नाही. पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आकारला जातो. हा दुसरा कर राज्यागणिक निराळा असल्याने एकाच दिवशी पणजी, सावंतवाडी आणि बेळगाव येथील दर सारखे नसतात. गोवा शासनाने २०१२ साली पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा तेथील दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला होता. पुढे तो कर पुन्हा वाढविण्यात आला. कराच्या एका निर्णयाने दरात केवढा फरक पडतो, हे या उदाहरणावरून ध्यानी येईल.

ऑक्टेन संख्या म्हणजे काय?

पेट्रोलची प्रत मुख्यतः त्याच्या ऑक्टेन संख्येवरून सांगितली जाते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि योग्य क्षणी ठिणगी पडून ते पेटते. मिश्रण दाबले गेल्याने तापते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटले, तर इंजिनातून ठकठक असा धातूवर आपटल्यासारखा आवाज येतो. यासच कारागीर 'नॉकिंग' म्हणतात. हा प्रकार दीर्घकाळ चालल्यास पिस्टन व गॅसकेट यांची हानी होते.

अशा अकाली ज्वलनास विरोध करण्याची इंधनाची क्षमता म्हणजेच त्याची ऑक्टेन संख्या होय. हे माप १९२६ साली रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी सुचविले. त्यात आयसो-ऑक्टेन या द्रवास १०० आणि नॉर्मल हेप्टेन या द्रवास ० अंक दिला आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच विरोध करणारे पेट्रोल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्टेन संख्या हे इंधनातील शक्तीचे किंवा शुद्धतेचे माप नव्हे. ज्या इंजिनात नॉकिंग मुळात होतच नाही, त्यात अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने वेग वा मायलेज वाढण्याचे कारण उरत नाही.

कोणत्या वाहनास कोणते पेट्रोल?

इंजिनात मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितकी ऑक्टेनची गरज वाढते. या दाबाच्या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. जुन्या मोटारींत ते ७ ते ८ च्या आसपास असे. आजच्या मोटारींत १० ते ११ किंवा त्याहूनही अधिक असते. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनात दाब आणखी वाढतो. आपल्या वाहनाची गरज मात्र तर्काने ठरवू नये. निर्मात्याने ती वाहनासोबतच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस नमूद केलेली असते.

किमान ९१ असा उल्लेख असल्यास साधे पेट्रोल पुरेसे आहे. सर्वसाधारण स्कूटर, मोटरसायकल व कौटुंबिक मोटार बहुतांशी याच वर्गात मोडतात. किमान ९५ किंवा अधिक असा उल्लेख असेल, तर तितक्या संख्येचेच पेट्रोल भरावे. आधुनिक इंजिनातील संवेदक नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ मागे सरकवितो व इंजिनाचा बचाव करतो; परंतु त्यामुळे शक्ती घटते आणि इंधन अधिक लागते. म्हणजे स्वस्त पेट्रोलातील बचत दुसऱ्या वाटेने निघून जाते.

परदेशस्थ आप्तांकडून अमेरिकेत साध्या पेट्रोलचा अंक ८७ असल्याचे ऐकून काहींचा गोंधळ होतो. तेथे दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी लिहिण्याची पद्धत आहे. तेथील ८७ हे आपल्याकडील सुमारे ९१ च्या बरोबरीचे असते.

'प्रीमियम' या नावात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : अधिक ऑक्टेन संख्या आणि इंजिन स्वच्छ राखणारी रसायने. नावावर न जाता पंपावर लिहिलेला अंक वाचावा, हे उत्तम.

इथेनॉलचा परिणाम

फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली व पुढे ती सर्वत्र पसरली. इथेनॉलची ऑक्टेन संख्या पेट्रोलहून बरीच जास्त, म्हणजे १०० च्या वर आहे. त्यामुळे साध्या पेट्रोलची संख्या आता ९५ पर्यंत पोहोचल्याचे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. साध्या व महाग पेट्रोलमधील अंतर त्या प्रमाणात कमी झाले आहे.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. एक लिटर इथेनॉलमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. साहजिकच मायलेजमध्ये काही घट येऊ शकते. जुन्या वाहनांतील रबरी नळ्या व गॅसकेट कारागिराकडून वेळोवेळी तपासून घ्याव्यात. इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे आणि वाहन महिनोन्महिने न वापरता ठेवू नये.

हिशेब कसा करावा?

समजा, साधे पेट्रोल १०० रुपये व महाग पेट्रोल १०८ रुपये लिटर आहे. स्कूटर साध्या पेट्रोलवर लिटरला ४५ किलोमीटर धावत असल्यास, महाग पेट्रोलवर ती ४८.६ किलोमीटर धावली तरच खर्चाची बरोबरी होईल. तसे न झाल्यास महिन्यास २० लिटर वापरणाऱ्या कुटुंबाचे महिन्याला १६० व वर्षाला १,९२० रुपये जादा जातात. टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर व लिटर वहीत टिपावेत. असे तीन-चार वेळा केल्यास खरे मायलेज कळते.

सीमाभागात स्वस्त दरासाठी पलीकडच्या राज्यात जाण्याची प्रथा आहे. तिचाही हिशेब करावा. लिटरमागे ४ रुपये फरक असल्यास ३० लिटरमागे १२० रुपये वाचतात. त्यासाठी मोटारीने जाऊन-येऊन २० किलोमीटर मुद्दाम गेल्यास, लिटरला १५ किलोमीटर धरून, सुमारे १३० रुपयांचे पेट्रोल जळते. वाटेवरचे काम असेल तरच हा व्यवहार फायद्याचा. प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोल आणून घरी साठविणे मात्र सर्वथा टाळावे. त्याची वाफ लहानशा ठिणगीनेही पेट घेते.

ग्राहकाची दक्षता

पेट्रोल भरण्यापूर्वी यंत्रावर शून्य आकडा पाहावा. मापाविषयी शंका आल्यास पंपावरील ५ लिटरच्या मुद्रांकित मापाने मोजून दाखविण्याची मागणी ग्राहकास करता येते. प्रतीविषयी शंका असल्यास गाळण कागदाची चाचणी मागावी. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहिल्यास भेसळीचा संशय घेण्यास जागा असते.

टायरमधील हवेचा योग्य दाब, वेळेवर बदललेले इंजिन ऑइल, स्वच्छ एअर फिल्टर आणि संथ, समान वेग यांनी होणारी बचत कोणत्याही महाग पेट्रोलहून खात्रीची असते. दर ठरविणे वाहनधारकाच्या हाती नाही. परंतु टाकीच्या झाकणावरील अंक वाचणे आणि वहीत हिशेब ठेवणे त्याच्या हाती निश्चितच आहे.