कुंडीतली सावनी

(मोठे झाड सर्वांनीच पाहिलेले असते. तेच झाड हातभर उंचीचे ठेवून वर्षानुवर्षे जोपासण्याच्या कलेला बोनसाय म्हणतात. कर्जत-खालापूरच्या हवेत सावनीचे बोनसाय कसे करावे आणि ते करताना आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे या पाठात सांगितले आहे.)

पावसाळ्यात कर्जतहून खोपोलीकडे जाताना बंगल्यांच्या आवारात एक झुडूप फुललेले दिसते. त्याच्या फांद्यांच्या टोकांना गुलाबी, जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांचे झुपके असतात. फूल जवळून पाहिले तर पाकळ्या कोणीतरी मुठीत चुरगळून पुन्हा उलगडल्यासारख्या दिसतात. क्रेपच्या कापडाला अशाच चुण्या असतात, म्हणून इंग्रजीत या झाडाला 'क्रेप मर्टल' म्हणतात. हिंदीत त्याचे नाव 'सावनी', उर्दूत 'गुल-ए-फानूस' आणि मराठीत 'चिनाई मेंदी'. या पाठात आपण त्याला सावनीच म्हणू.

चिनाई मेंदी या नावातली मेंदी सावनीची खरोखरच नातेवाईक आहे. ईदच्या आदल्या रात्री हातावर रंगणारी मेंदी, डाळिंब आणि सावनी ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच कुळात मोजतात. आणखी जवळची नातलग म्हणजे तामण. एप्रिल-मे महिन्यांत जांभळ्या फुलांनी भरून जाणारे तामणाचे झाड कोकणात ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी आढळते. तामणाचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे. सह्याद्रीच्या जंगलातले नाणा आणि बोंडारा हे वृक्षही त्याच घरातले. म्हणजे सावनी बागेतली पाहुणी असली तरी तिचे आप्त आपल्या डोंगरात पूर्वीपासून राहत आहेत.

आता बोनसायकडे वळू. 'बोन' म्हणजे तबक किंवा उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणे. शब्द जपानी आहे. पण ही कला प्रथम चीनमध्ये वाढली आणि तेथून जपानमध्ये गेली. पुष्कळांना वाटते की, बोनसायचे बी वेगळे असते. तसे नाही. कुंडीतली हातभर उंचीची सावनी जमिनीत लावली तर ती पुन्हा पुरुषभर उंचीच्या वर जाईल. तिला लहान ठेवतात ते मुळांची आणि फांद्यांची वेळोवेळी छाटणी करून. छाटणीमुळे पाने लहान होतात. फुले मात्र फारशी लहान होत नाहीत. म्हणूनच छोट्या झाडावरचा मोठा झुपका पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो.

सावनीची सुरुवात कलमापासून करणे सोपे. 'कलम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत कलम म्हणजे लेखणी. आणि झाडाची कापून लावलेली फांदी, तीही कलमच. मराठीने हा शब्द दोन्ही अर्थांनी घेतला. फेब्रुवारी महिन्यात सावनीची पाने गळून गेलेली असतात. त्या वेळी पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब फांदी कापावी. तिच्यावर तीन-चार डोळे असावेत. निम्मी फांदी जाड वाळू आणि माती यांच्या मिश्रणात खोचावी, सावलीत ठेवावी आणि माती ओलसर राखावी. साधारण महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. सावनीचा एक मोठा गुण असा, की अंगठ्याएवढ्या जाड फांदीलाही मुळे फुटू शकतात. शेजारच्या बागेत माळ्याने छाटून टाकलेली फांदी मागून आणली, तरी आपले काम होते.

कलम जगले की ते लगेच उथळ कुंडीत लावण्याची घाई करू नये. खोड जाड होण्यासाठी झाडाला मोकळेपणी वाढावे लागते. दोन-तीन वर्षे ते जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत राहू द्यावे. या काळात सावनीची साल पाहत राहावी. जुनी साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि आतून गुळगुळीत, फिकट तपकिरी खोड निघते. ते इतके गुळगुळीत असते की जपानी लोकांनी या झाडाचे नावच 'सारुसुबेरी' ठेवले. त्याचा अर्थ, माकड घसरते ते झाड!

खोड हवे तेवढे जाड झाले की पुन्हा फेब्रुवारीची वाट पाहावी. नवे डोळे फुगण्यापूर्वी झाड अलगद उपटावे, खाली जाणारे जाड मूळ कापावे आणि बारीक मुळांपैकी साधारण तिसरा हिस्सा कमी करावा. कुंडीच्या तळाला भोके असलीच पाहिजेत. त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा. आपल्याकडची तांबडी माती नुसती वापरली तर पाऊस पडल्यावर घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. विटांची भुकटी मात्र चाळून काढून टाकावी.

फांद्यांना वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार वापरतात. ती फांदीभोवती तिरकी गुंडाळून फांदी हळूहळू वाकवायची असते. कोवळी फांदी ऐकते. जुनी फांदी हट्ट केला तर मोडते. तार एकदा गुंडाळली म्हणजे काम संपले असेही नाही. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते. तो व्रण कित्येक वर्षे जात नाही. म्हणून दर आठवड्याला तार पाहावी आणि रुतण्याआधी ती तुकडे करून काढावी. ओढून सोडवू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सावनीला फुले येतात ती त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकाला. हे ज्याला समजले त्याला सावनी समजली. फेब्रुवारीत जोरकस छाटणी केली की मार्चमध्ये नवे फुटवे येतात. एप्रिलपर्यंत ते खुडून झाडाला आकार देता येतो. पण मे महिना लागला की कात्री ठेवून द्यावी. त्यानंतरही आकाराच्या मोहाने शेंडे खुडत राहिलो, तर ज्या टोकांवर कळ्या यायच्या तीच टोके आपण कापतो. मग झाड नीटनेटके दिसते. पण पावसाळा कोरडा जातो, फूल एकही येत नाही. कात्री केव्हा उचलावी हे लवकर शिकता येते. ती केव्हा खाली ठेवावी हे शिकायला सब्र लागतो. पहिला बहर ओसरल्यावर सुकलेले झुपके कापले तर पुष्कळदा पुन्हा फुले येतात.

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इतके पाणी उथळ कुंडीत साचले तर मुळे कुजतात. त्यावर एक साधा उपाय आहे. कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून ती किंचित कलती करावी, म्हणजे पाणी लवकर निघून जाते. पाऊस ओसरू लागला आणि हवा दमट राहिली की पानांवर पांढरी भुकटी दिसू लागते. तिला भुरी म्हणतात. झाड भरपूर उन्हात आणि मोकळ्या हवेत ठेवले तर भुरी कमी पडते. एप्रिल-मेमध्ये उलट संकट असते. उथळ कुंडी तापते, माती सुकते. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे आणि दुपारी कुंडीवर सावली करावी.

मुसळधार पावसात मातीतले खत वाहून जाते. म्हणून मार्च ते मे आणि पावसाने उघडीप दिल्यावर थोडे थोडे खत घालावे. येथे उर्दू माध्यमाच्या मुलांनी जरा सांभाळावे! उर्दूतला 'खत' टपालपेटीत टाकतात, मराठीतले 'खत' मातीत घालतात.

बोनसायचा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, झाडाला लहान ठेवणे हा त्याच्यावर जुलूम नाही का?"

प्रश्न चांगला आहे आणि तो टाळू नये. काही लोक समजतात की झाडाला उपाशी ठेवून बोनसाय करतात. ते खरे नाही. उपाशी झाड फुलत नाही. पाणी, खत आणि ऊन मिळाले तर कुंडीतली सावनी वर्षानुवर्षे निरोगी राहते. पण जुलूम होऊ शकतो, आणि तो दोन प्रकारांनी होतो.

पहिला जुलूम जंगलावर होतो. जुन्या खोडाच्या झाडाला बाजारात किंमत येते. त्या लोभाने कोणी डोंगरातले नाण्याचे किंवा बोंडाऱ्याचे झाड मुळासकट उपटून आणतो. अशी झाडे बहुधा मरतात. राखीव वनातून झाड उपटणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हाही आहे. सावनीचे कलम फुकट मिळते आणि सहज जगते. मग जंगलाला हात कशाला लावावा?

दुसरा जुलूम विसरण्याचा. जमिनीतले झाड आपल्यावाचून जगते. त्याची मुळे पाणी शोधत खोल जातात. कुंडीतल्या झाडाला शोधायला जागाच नसते. मे महिन्यात दोन दिवस पाणी घालायला विसरलो तर पाच वर्षांचे झाड वाळून जाते. आपण त्याची मुळे कापली, त्याला तबकात बसवले. म्हणजे त्याची तहान आपल्या अंगावर घेतली. उर्दूत 'अमानत' हा शब्द आहे. मराठीत तोच 'अनामत' झाला. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला असणे, हा त्याचा अर्थ. बोनसाय ही अशीच एक अनामत आहे. ज्याला रोज पाणी घालायला जमणार नाही, त्याने सावनी अंगणातच लावावी. तेथेही ती सुंदरच फुलते.

ही अनामत किती काळ सांभाळता येते? जपानमधल्या हिरोशिमा शहरात यामाकी नावाच्या कुटुंबाकडे पांढऱ्या पाइनचे एक बोनसाय होते. त्याची जोपासना १६२५ पासून सुरू असल्याचे मानले जाते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. यामाकींचे घर स्फोटाच्या जागेपासून सुमारे ३ किलोमीटरवर होते. घराच्या काचा फुटल्या, पण आवारातल्या भिंतीच्या आडोशाला असलेले ते झाड वाचले. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते झाड अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला! देताना त्यांनी बॉम्बचा बोलबाला केला नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड पाहायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा ही हकिकत तेथल्या लोकांना कळली. ते झाड तेथील बोनसाय संग्रहालयात जोपासले जात आहे. ज्यांनी ते प्रथम कुंडीत लावले, त्यांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांच्यामागून कोणीतरी रोज पाणी घालत राहिले, म्हणून झाड राहिले.

मराठीत शेतीच्या मेहनतीला 'मशागत' म्हणतात. हा शब्द अरबी-उर्दूतल्या 'मशक्कत'वरून आला. मुलांनो, येत्या फेब्रुवारीत सावनीची एक फांदी मागून आणा आणि डब्यात लावा. पहिली फुले यायला वेळ लागेल. तोवर तिच्या पाण्याची वेळ चुकवू नका.

शब्दार्थ

जोपासणे – काळजीने वाढवणे (उर्दू : परवरिश करना)
आप्त – नातेवाईक (उर्दू : रिश्तेदार)
वीत – अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर (उर्दू : बालिश्त)
डोळा – (येथे) फांदीवर जेथून नवा कोंब फुटतो ती जागा
पापुद्रा – पातळ थर
व्रण – जखमेची खूण
बहर – फुले येण्याचा काळ (उर्दू : बहार)
उघडीप – पाऊस थांबून आकाश मोकळे होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्राचे राज्यफूल कोणते?
(आ) 'सारुसुबेरी' या नावाचा अर्थ काय?
(इ) पावसाळ्यात कुंडीखाली विटेचा तुकडा का ठेवावा?

प्र. २. कारणे द्या.
(अ) मे महिन्यानंतर सावनीचे शेंडे खुडू नयेत.
(आ) कलम जगल्यावर ते लगेच उथळ कुंडीत लावू नये.
(इ) लेखकाने बोनसायला 'अनामत' म्हटले आहे.

प्र. ३. पुढील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा व मराठी वाक्यात उपयोग करा.
कलम, खत, मशागत.

प्र. ४. "झाडाला लहान ठेवणे हा जुलूम आहे का?" तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातील तामण, मेंदी, डाळिंब आणि सावनी ही झाडे शोधा. प्रत्येकाला फुले कोणत्या महिन्यात येतात याची वर्षभर नोंद ठेवा.