मेडिकल तपासायला येणारे साहेब कोण असतात?

बोरी अरबसारख्या गावात मेडिकल टाकायचं म्हणणारी पोरं भांडवलापेक्षा 'ड्रग इन्स्पेक्टर' या शब्दाला जास्त भितात. म्हणून आज तेवढंच समजून घेऊ.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा, केंद्राचा. पण कलम 21 प्रमाणे राज्य सरकारही निरीक्षक नेमतं. आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा माणूस. पात्रता 1945 च्या नियमावलीतल्या नियम 49 मध्ये आहे: फार्मसीची पदवी, किंवा क्लिनिकल फार्माकॉलॉजी वा मायक्रोबायोलॉजी हा विशेष विषय असलेली वैद्यकीय पदवी. गंमत बघा, नोंदणी झालेल्या डी.फार्म.वाल्याला दुकान चालवता येतं, पण त्या डिप्लोमावर दुकान तपासणारा होता येत नाही. लस-सीरम बनवणारे कारखाने तपासायला वेगळा अनुभव लागतो, तो विषय आपला नाही.

आता नीट ऐका. घरातला मुलगा बी.फार्म., एमपीएससीची तयारी करतोय, आणि घरचे म्हणतात, "तोवर लायसन्स याच्याच नावावर काढू." थांबा! औषधांच्या विक्रीत आर्थिक हितसंबंध असलेल्याला निरीक्षक नेमता येत नाही, हे त्याच कलम 21 मध्ये लिहिलंय. भागीदारीसुद्धा हितसंबंधच. आधी घरात बसून ठरवा, मग नाव टाका.

दुसराही एक निरीक्षक असतो, त्याची माहिती फार जणांना नसते. फार्मसी कायदा 1948, कलम 26अ. राज्य फार्मसी कौन्सिल सरकारच्या मंजुरीने नेमते. औषध देणारा खरंच नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे का, हे तो बघतो. भाड्याने सर्टिफिकेट घेऊन दुकान टाकू म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि कोणी "मी साहेब आहे, इतके काढा" म्हणत आला तर? ओळखपत्र मागा, नम्रपणे. खरा निरीक्षक नमुना घेतो तेव्हा फॉर्म 17 देतो, रास्त किंमत देऊ करतो, नमुन्याचे चार भाग करून एक तुम्हाला देतो. माल किंवा रजिस्टर जप्त केलं तर फॉर्म 16 ची पावती. हुज्जत मात्र घालू नका, कामात अडथळा आणला तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुकानात फॉर्म 35 ची तपासणी वही ठेवा. साहेबांना दिसलेल्या त्रुटी त्यातच लिहायला सांगा.